मोकळ्या रस्त्याचा फोटो

माझ्या धाकट्या साडूंइतका संतापी माणूस यवतमाळ जिल्ह्यात दुसरा नाही, आणि हे विधान बातमीच्या टेबलावर उमेदीची वर्षं घालवलेला माणूस म्हणून मी पूर्ण जबाबदारीने करतो आहे. तिकीट कापलेले पुढारी आणि बिल अडकलेले ठेकेदार मी जवळून पाहिले आहेत. त्यांचा राग काम झालं की उतरतो. साडूंचं काम कधी होतच नाही, त्यामुळे त्यांचा राग उतरण्याचा प्रश्न आलेला नाही. आर्णीत त्यांचं ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान आहे, आणि त्यांना प्रवासात काढलेले फोटो विकायचे आहेत. फोटोही असे, ज्यात माणूस नाही. आमच्याकडे भिंतीवर देव असतात, महापुरुष असतात, लग्नातलं जोडपं असतं आणि घरातली गेलेली माणसं असतात. या मंडळींत एखाद्या रिकाम्या डोंगराला जागा मिळावी, आणि ती कुणीतरी स्वखुशीने पैसे देऊन करून द्यावी, एवढीच त्यांची मागणी आहे. ‘एक जरी इकला ना भाऊ, तं मी जल्मभर गप बसीन,’ असं ते मला सांगतात. तो विकला जात नाही आणि ते गप बसत नाहीत.

दरवर्षी मे महिन्यात, मशागतीच्या ऐन हंगामात, ज्या दिवसांत अख्ख्या तालुक्याचे ट्रॅक्टर नादुरुस्त होतात, नेमक्या त्याच दिवसांत साडू दुकानाला कुलूप लावून हिमालयात जातात. सोबत माझी मेहुणी असते. ती होती याला पुरावा मात्र काही नाही. कारण चौकटीत ती कुठूनही शिरली की साडूंचा हात वर होतो: ‘थोडी बाजूले हो. रस्ता मोकळा ठेव.’ एका खिंडीत थंडीने तिला हुडहुडी भरली असताना ती तीनदा बाजूला झाली. चौथ्यांदा झाली असती तर दरीत गेली असती, असं ती अजून सांगते. परत आल्यावर नातेवाईक सगळे फोटो बघतात आणि तिला काळजीने विचारतात, ‘काहून बाई, तुले नेलंच नाही काय?’ मग रात्रभर साडूंच्या घरात जे चालतं त्याला प्रवासवर्णन म्हणता येणार नाही.

आणलेले फोटो मोठ्या आकारात छापून, चौकटीत बसवून दुकानात टांगले जातात. वर फॅन बेल्टची माळ, खाली क्लच प्लेटा, आणि मधोमध निळंशार तळं. गिऱ्हाईक ऑइल फिल्टर मागतं, तळ्याकडे बघतं आणि हमखास विचारतं, ‘ह्याच्यात तुम्ही कुठं हा, भाऊ?’ साडू म्हणतात, ‘मी कॅमेऱ्याच्या मांगं हावो.’ ‘मंग गेल्याचा फायदा काय झाला?’ यावर साडूंचं उत्तर लांबतं, फिल्टर राहतो, आणि गिऱ्हाईक समोरच्या दुकानात जातं. एकदा त्यांनी जवळच्या लग्नात आहेर म्हणून समुद्राचा मोठा फोटो दिला. वर्षभराने त्या घरी गेलो, तर चौकट तीच, काच तीच, आत मात्र जावळ काढलेलं बाळ. समुद्राचं काय झालं असं साडूंनी विचारलं. यजमान मोकळ्या मनाने म्हणाले, ‘हाय ना, मांगंच हाय. पुठ्ठा म्हणून ठेवला. मस्त जाड कागद हाय.’ साडू चहा न घेता उठले. मीही उठलो. त्या दिवशी रागावण्यात मी त्यांच्या मागे नव्हतो.

खरा अन्याय त्यानंतर सुरू झाला. विकले जात नाहीत म्हटल्यावर साडूंनी फोटो मोबाइलच्या स्टेटसवर ठेवायला सुरुवात केली. आणि जे फोटो कोणी फुकट घ्यायला तयार नव्हतं, ते महिन्याभरात चौकाचौकांत लागले. फ्लेक्सवर. पहिला सापडला तो एका तरुण नेतृत्वाच्या वाढदिवसाचा. काळा गॉगल, हाताची घडी, पायात पांढरे बूट, आणि हा नेता साडूंच्या बर्फाच्छादित खिंडीत उभा. पुढे निळ्या तळ्याकाठी मटण खानावळीचं उद्घाटन झालं, आणि वाळवंटात शिकवणी वर्गाचे गुणवंत विद्यार्थी उगवले. साडू गाडीवरून जाता जाता करकचून ब्रेक दाबत, उतरत आणि पुरावा म्हणून फ्लेक्सचा फोटो काढत. माणसं असलेले फोटो त्यांनी आयुष्यात प्रथमच काढले, ते असे.

शेवटी ते मला घेऊन फ्लेक्सवाल्याकडे गेले. तिथला डिझायनर संगणकावरून मान न उचलता म्हणाला, ‘काकाजी, डोंगर तुमचा हाय काय?’

‘डोंगर माहा नाही. फोटो माहा हाय.’

‘मंग डोंगरवाला काही बोलून नाही राह्यला, तुम्ही काहून तापता?’

साडूंनी कायदा सांगितला. पैसे नकोत, पण फोटोखाली नाव हवं, असं बजावलं. डिझायनरने तेव्हा कुठे मान उचलली आणि पडद्यावर बोट ठेवलं. खाली शुभेच्छुकांची नावं मुंग्यांसारखी भरली होती. ‘तुम्हीच सांगा, टाकू कुठं? हे अर्धे मावून नाही राह्यले. उद्या दहा जण भांडाले येतीन, त्याईले काय सांगू? डोंगरवाल्या काकाजीनं जागा खाल्ली म्हणून?’ साडूंचा चेहरा इतका लाल झाला की डिझायनरने उठून त्यांना पाणी दिलं. बाहेर आल्यावर ते मला म्हणाले, ‘भाऊ, केक आणणाऱ्याचं नाव हाय. टाळ्या वाजवणाऱ्याचं हाय. ज्यानं फोटो काढला त्याचंच नाही.’ हे वाक्य मी तपासून पाहिलं. त्यात चूक नव्हती.

त्यांच्या दुकानात त्या खिंडीच्या फोटोसमोर बसणारी एकच व्यक्ती मला आठवते. जवळच्या बंजारा तांड्यावरचा एक शेतकरी सुटे भाग न्यायला यायचा, तेव्हा त्याची म्हातारी आई सोबत असायची. मुलगा नट-बोल्ट निवडेपर्यंत ती स्टुलावर बसून त्या फोटोकडे बघायची. खिंडीतून वळत वर गेलेला रस्ता, दोन्ही बाजूंना बर्फ, बाकी काही नाही. यात तुम्ही कुठे, असं तिने कधीच विचारलं नाही. एकदा म्हणाली, ‘वर गाव हाय का?’

‘नाही आजी. कोणी राह्यत नाही.’

‘मंग रस्ता कायले केला?’ आणि थोड्या वेळाने, ‘आमचे म्हातारे बैलावर मीठ लादून लई दूर जात. एवढ्या चढाले बैल गेले असते काय रे, बापू?’

 साडू नुसते म्हणाले, ‘हळूहळू गेले असते.’ तिने मान डोलावली. त्या दिवशी साडू संध्याकाळपर्यंत कोणावर ओरडले नाहीत, ही दखल घेण्याजोगी गोष्ट आहे.

गेल्या हिवाळ्यात आम्ही गाडीवरून जात असताना तांड्याच्या फाट्यावर साडूंनी असाच ब्रेक दाबला. फ्लेक्स होता. तीच खिंड. ‘आता सोडत नाही,’ म्हणत ते उतरले आणि मग जागेवरच थांबले. तो श्रद्धांजलीचा फ्लेक्स होता. रस्त्याच्या बरोब्बर मधे, वळण पूर्ण झाकून, ती म्हातारी होती. तिचा मुलगा फाट्यावरच्या टपरीजवळ उभा होता, तो पुढे आला.

‘तुमचाच हाय ना, भाऊ?’ तो म्हणाला. ‘फ्लेक्सवाला फुलं टाकून राह्यला होता, ज्योत टाकून राह्यला होता. मी म्हटलं, नाही; दुकानातला तो रस्ता टाक. त्याच्याजवळ होताच. तुमाले इचाराचं राह्यलं. याडी, आमची माय, कधी आर्णीच्या पुढं गेली नाही, पण घरी आली की त्या रस्त्याचंच सांगे.’

साडूंनी हातातला मोबाइल खिशात ठेवला. अगदी जवळ जाऊन फ्लेक्स पाहिला. आणि मग त्यांचा राग जो उसळला, तसा मी आधी पाहिला नव्हता. ‘हे बर्फ हाय काय? हा साबणाचा फेस हाय! पूर्ण फुटला फोटो!’ मला मागे बसवून त्यांनी गाडी सरळ फ्लेक्सवाल्याकडे नेली, वाटेत घरून मूळ फोटो घेतला आणि डिझायनरच्या शेजारी खुर्ची ओढून बसले. तेरवीच्या आत नवा फ्लेक्स लागला पाहिजे, असा हुकूम झाला. डिझायनरने गुमान नवा फोटो उघडला आणि म्हातारीला आधीच्याच जागी आणून ठेवलं.

‘थोडी बाजूले घे,’ साडू म्हणाले. आवाज एकदम खाली आला होता. ‘रस्ता मोकळा ठेव. तिले दिसला पाह्यजे.’

नवा फ्लेक्स तेरवीच्या आदल्या दिवशी लागला. बर्फाचा कण न् कण दिसत होता. खाली शोकाकुल परिवार म्हणून मुलांची, सुनांची, नातवंडांची नावं होती, आणि अगदी शेवटी, त्याच ठशात, साडूंचं नाव. मुलाने सांगून घालायला लावलं होतं. ते वाचताना साडूंनी चष्मा दोनदा पुसला. त्या फ्लेक्सचा फोटो त्यांनी काढला नाही.

फ्लेक्स आता उन्हाने विटला आहे. त्यांचा एकही फोटो अजून विकला गेलेला नाही आणि संताप पूर्ववत सुरू आहे. परवा दुकानात बसलो असताना एक नवीन गिऱ्हाईक खिंडीच्या फोटोकडे बघत म्हणालं, ‘ह्याच्यात तं कोणीच नाही, भाऊ?’ मी कान बंद करायच्या तयारीत होतो. साडूंनी एकदा त्या वळणाकडे पाहिलं.

‘होती एक जण,’ ते म्हणाले. ‘पुढं गेली. तुले फिल्टर कोणता पाह्यजे?’