हाडाचं गोड

सुनेच्या धंद्याच्या आड ठमाबाई कधी आली नव्हती. मोहर्लीला वाघ बघायला येणाऱ्यांसाठी रिनानं घरीच मार्शमॅलो करायला घेतले, तेव्हा चिकट पातेली घासायला पहिली बसली ती ठमाबाईच. साखरेच्या उकळत्या पाकात भिजवलेलं जिलेटिन घालून रिना मशीननं फेटत राही. पातेलं पांढऱ्या फेसानं भरे. तो थिजला की वड्या पडत. काही वड्या लोण्यात वितळवून ती त्यात मुरमुरे कालवी आणि ताटात थापी. साध्या वड्या ठमाबाईला बिनदातानं खाता येत.

एका दुपारी तिनं सहज विचारलं, "हे कायचं करतेत?"

"पयले एका झाडाच्या मुळीच्या चिकाचं करत, आई. दलदलीतलं झाड. त्याचंच नाव याले पडलं. आता मुळी कोनी घालत नाई, जिलेटिन घालतेत."

"अन् ते कायचं?"

रिनाचा हात थांबला. "जनावराची हाडं, चामडी उकळून काढतेत."

ठमाबाईनं हात धुतले आणि ओसरीत जाऊन बसली. ती लहान असताना, आरमोरीकडच्या त्यांच्या गावात, बौद्ध झाल्यावर बापानं मेलेली ढोरं ओढणं सोडलं होतं. पाटलाचा बैल मेला, निरोप आला. बाप गेला नाही. बैल फुगला, वास घराघरांत शिरला. गावानं मजुरी तोडली. बाप तरी गेला नाही.

"माह्या घरात हाड शिजनार नाई," संध्याकाळी ती म्हणाली.

"तुमच्या आबाच्या मानेवर गावाचा हुकूम होता. माह्यावर कोनाचा हाय?" रिना म्हणाली. "मी माह्या मर्जीनं करून राह्यली."

ठमाबाई दुसऱ्या दिवशी पातेलं घासायलाही उठली नाही.

त्याच दिवशी एका रिसॉर्टचा मॅनेजर आला. रोजच्या शेकोटीसाठी त्याला माल हवा होता. अट एकच. "पाकिटावर हिरवा ठिपका लावा. हाडाबिडाचं बोलू नका. आधीच तुमच्या घरचं म्हटलं, की..."

रिनानं मान खाली घातली. आतून ठमाबाईचा आवाज आला.

"की काय? पुरं बोला ना, साहेब."

"मी आपलं धंद्याचं बोललो, आजी."

"ठिपका लागनार नाई."

"मग ऑर्डर जमणार नाही."

"राहू द्या."

तो गेला. रिनाचे डोळे भरून आले. "आता खुश असान तुमी. हाड बी गेलं, धंदा बी गेला."

"धंदा काऊन जाईन? पाक ठेव."

बापानं काम सोडलं होतं, पण लाजून नव्हे. लाज वाटायची तर ती फुकटात ओढायला लावणाऱ्यांना. हे ठमाबाईला काल उमगलं नव्हतं. त्या माणसानं अर्ध्यावर सोडलेल्या वाक्यानं आज उमगलं. तिनं पदर खोचला आणि पातेलं ओढून घेतलं.

दुपारी दोघी सफारीच्या जिप्सींच्या रांगेशी टोपली घेऊन उभ्या राहिल्या. गाडीतल्या एका बाईनं पाकीट उचललं. "व्हेज आहे ना?"

"नाई, बाई. हाडाचं हाय. आमच्या घरचं."

बाईनं पाकीट परत ठेवलं. ठमाबाई पुढच्या गाडीकडे वळली आणि कोणी विचारायच्या आधीच तेच बोलली.

"एवढ्या जोरानं कायले सांगता, आई?" रिना कुजबुजली.

"मंग हळू कायले सांगू?"