बुधाजीच्या गाऱ्हाण्यातला खोकला

मावशीकडे गणपतीला लालबागला आलेल्या नलूला बुधाजी आधी दिसलाच नाही, ऐकू आला. चाळीच्या गणपतीपुढे तो मालवणीत गाऱ्हाणं घालत होता. प्रत्येक मागणीच्या शेवटी तो ‘म्हाराजा’ म्हणायचा आणि मागून सगळी चाळ गरजायची, “व्हय म्हाराजा!” त्या आवाजावर भाळून नलूनं त्याच्याशी लग्न केलं.

पुढे गिरणीतला कापूस आणि खिशातली विडी यांनी मिळून त्या आवाजाची वाट लावली. ‘म्हाराजा’च्या जागी खोकला येऊ लागला. चाळीनं सांभाळून घेतलं. बुधाजी खोकला, की “व्हय म्हाराजा!” एकदा तो नळावर खोकला, तरी दोघं गरजले.

गेल्या गणपतीत मात्र खोकल्यानं मागण्याच गिळल्या. मंडळाचा सेक्रेटरी हितेंद्र म्हणाला, “काका, पुढच्या वर्षी गाऱ्हाणं मोबाइलवर लावू. तुम्ही आराम करा.”

“देवाक मोबाइलवर फसवतलंस?” बुधाजी म्हणाला, पण त्या रात्री तो जेवला नाही.

नलू त्याला परळच्या इस्पितळात घेऊन गेली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “जुना ब्राँकायटिस आहे. भूल देऊन तोंडावाटे कॅमेऱ्याची बारीक नळी श्वासनलिकांत घालायची आणि आतल्या खराब अस्तरावर अतिथंड फवारा मारायचा. त्या जागी नवं अस्तर येतं. उपचार नवा आहे, अभ्यास अजून चालू आहे. गुण येईलच असं नाही. आणि विडी आजपासून बंद.”

“फवारो? झुरळांवर मारतत तसो?” नलूनं विचारलं.

“तसाच समजा, आजी. फक्त झुरळं नसतात.”

“बघून घ्या हां. चाळीतलो माणूस हा.”

दोन-तीन खेपांत काम उरकलं आणि बुधाजीला गुण आला. यंदा तो छाती काढून गणपतीपुढे उभा राहिला. पहिली मागणी खणखणीत झाली, दुसरी झाली, तिसरी झाली. मागे सगळं चिडीचूप. ‘म्हाराजा’ म्हणायची सवय त्याची केव्हाच मोडली होती.

तो वळला. “निजलात काय रे?”

“काका, तुम्ही खोकलाच नाहीत,” हितेंद्र म्हणाला. “आम्ही बोलणार कधी?”

बुधाजीनं खोकायचा प्रयत्न केला. येईना. हितेंद्रचा हात मोबाइलकडे जाऊ लागला. तेवढ्यात बायकांच्या रांगेतून नलू खोकली, थेट बुधाजीसारखी, शेवटच्या शिट्टीसकट.

“व्हय म्हाराजा!” चाळ हादरली.

बुधाजी श्वासाचा पंप अजून घेतो, पण दोन जिने न थांबता चढतो. चाळीत गाऱ्हाणं तोच घालतो. खोकते नलू.