निकोलाच्या सणाला स्तोयांका बसली नाही

सर्बियातल्या वाल्येवो गावात स्तोयांकाच्या घरासमोर ल्युबिंकाबाई राहायच्या. शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालेल्या, पण शिकवायची खोड काही गेली नव्हती. स्तोयांकाला इंग्रजी हवं होतं ते एकाच कारणानं. कॅनडातली नात याना हिवाळ्यात निकोलाच्या सणाला, म्हणजे घराण्याच्या संताच्या दिवशी, यायची होती, आणि पोरीला सर्बियन येत नव्हतं. फोनवर दोघी एकमेकींकडे बघून हसायच्या. हसू संपलं की बोलणं संपलं.

"सगळं शिकायचं तुझं वय नाही गं," ल्युबिंकाबाई म्हणाल्या. "एक 'टेक' घोट. निम्मं जग त्यावर चालतं."

भाजलेल्या मिरच्यांची सालं काढता काढता धडे सुरू झाले. आपण औषध पितो, फोटो काढतो, बसनं जातो, परीक्षा देतो. त्यांचं सगळं टेक. विमान उडालं तरी टेकच, फक्त मागे 'ऑफ'चं शेपूट लावायचं.

"म्हणजे एकाच पातेल्यात कोबी शिजवा, त्यातच कॉफी उकळा नि त्यातच पाय धुवा!" स्तोयांका करवादली. "दुसरी भांडी नाहीत का त्यांच्या घरात?"

"तू पाठ कर. अक्कल नंतर."

केलं पाठ. दाणे टाकतानाही तेच पुटपुटायची. एव्हाना कोंबड्यासुद्धा शिकल्या असतील.

याना आणि तिचा बाप वोयिन आले ते सणाच्या आदल्या संध्याकाळी. पोर प्रवासानं गळालेली, आली तशी झोपली. सणाच्या दुसऱ्या सकाळी परत निघायचं. म्हणजे हाती राहिला सणाचा तेवढा दिवस. आणि या सणाला कुणाला बोलवायचं नसतं, आलेल्याला परतवायचं नसतं. मेणबत्ती पेटली की यजमानानं दिवसभर उभं राहायचं नि वाढायचं. म्हातारा गेल्यापासून यजमान स्तोयांकाच.

सकाळपासून माणसांची रीघ. प्रत्येकाला आधी शिजवलेल्या गोड गव्हाचा चमचा, मग फळांच्या दारूचा, राकियाचा पेला, मग मासे.

"आई, तू पोरीजवळ बस. मी उभा राहतो," वोयिन म्हणाला.

"वा रे वा!" स्तोयांकाचा दीर मिलिसाव टेबलावरून ओरडला. "दोन दिवसांचा पाहुणा, आणि यजमान व्हायला निघाला! वहिनी, मासा आणा, घसा कोरडा पडलाय."

टेबल खदखदून हसलं. वोयिनचा चेहरा उतरला. भरल्या घरात, सणाच्या दिवशी, दिराशी तोंड कोण लावणार? स्तोयांकानं मासा नेला.

दुपारी याना स्वयंपाकघरात आली. खुर्ची ओढून स्तोयांकापुढे ठेवली.

"आजी. टेक अ ब्रेक."

स्तोयांकाला अख्खं कळलं. पहिल्यांदाच पोर काही बोलली आणि ते कळलं! तिला सांगायचं होतं, बाळा, आज बसता येत नाही गं, पण तू इथंच थांब, माझ्याजवळ. जीभ जुळवाजुळव करू लागली. एवढ्यात बाहेर कुत्रा भुंकला, दार वाजलं.

"यजमानीण कुठंय? आम्ही आलो!"

एवढं सांगायला टेक पुरेना. तिनं माशाची बशी उचलून पोरीच्या हातात दिली.

"टेक," म्हणाली, आणि बाहेर धावली.

परत आली तेव्हा बशी ओट्यावर होती, मासा अर्धा खाल्लेला. याना बापाशेजारी जाऊन बसली होती.

सकाळी गाडी गेली. ल्युबिंकाबाई गाऊनवरच रस्ता ओलांडून आल्या.

"काय गं, बोललीस का नातीशी?"

"बोलले ना. एक शब्द."

खुर्ची अजून तिथंच होती, पोरीनं ठेवली तशी. स्तोयांका तिच्यावर बसली. आता कुणाची ना नव्हती.