बाबांची गाठ

घाटकोपरच्या आमच्या चाळीत बाबांची गाठ एकदम फेमस होती! बाबा गिरणीत मागावर होते. तिथे सूत तुटलं की चुटकीसरशी जोडायचं, आणि गाठ इतकी बारीक की कापडात दिसायलाच नको. मी ती कधी शिकलेच नाही. पतंगाचा दोरा तुटला की पळत बाबांकडे जायचं, बस!

मी आठवीत असताना बाबा गेले. वर्ष सरल्यावर संक्रांतीला मी पहिल्यांदा पतंग काढला, दोरा तुटला, आणि मी मारलेली गाठ सारखी सुटायला लागली. मला रडूच फुटलं. वाटलं, बाबांबरोबर त्यांची गाठपण गेली.

शेजारच्या काकू दारात गजरे करत बसल्या होत्या. “दे इकडे,” म्हणाल्या. दोन बोटांत दोन टोकं, एक वळसा, खट्! वर गाठीवर फुंकर मारली, अगदी बाबा मारायचे तशी!

“काकू, तुम्हाला कशी येते ही?”

“कशी म्हणजे? तुझ्या बाबांनीच शिकवली. वरच्या मावशींना येते, शिंप्याला येते. आख्ख्या चाळीत तूच एक ढ! बस इथे.”

संध्याकाळपर्यंत मला जमली. काय भारी वाटलं यार!

दुसऱ्या दिवशी गॅलरीत मैत्रिणीचा दोरा तुटला. मी खटकन जोडला, फुंकरही मारली.

“झकास! कुणी शिकवली गं?”

“माझ्या बाबांनी!” मी जोरात सांगितलं. काकू दारातच होत्या. त्यांनी ऐकलं, आणि होकारार्थी मान डोलावून पुन्हा गजरा करायला घेतला.