स्टेपनीचा ब्रेक

दाते सर गेल्याचं त्यांच्या पत्नीने, काकूंनी, फोनवर सांगितलं, तेव्हा त्यांच्याशी बोलणं टाकून मला दोन महिने झाले होते. हृदयविकाराचा झटका... सकाळी चहा घेता घेता.

पुण्यात बर्फ नाही, म्हणून सर आम्हाला चाकांच्या स्कीवर शिकवायचे. उजाडता उजाडता कात्रजचा जुना घाट. हातात काठ्या, पायात चाकं, आणि ब्रेक नाही. मागे स्कूटरवर सर. मागून गाडी आली की ते दोनदा हॉर्न द्यायचे. तो ऐकला की डावीकडे गवतात उतरायचं. उतारावर तो हॉर्न वाजला की पाय आपोआप वळायचे. "मी घाबरले," म्हटलं की सर म्हणायचे, "अहो बाई, घाटही तुम्हाला घाबरतो. चला, परत वर!"

काश्मीरला खऱ्या बर्फावर निवड चाचणी होती. सहाजणी संघात जाणार होत्या आणि शेवटच्या उतारावर मी पाचवी होते. बर्फ सरांनी आणि मीही आदल्या दिवशीच पहिल्यांदा पाहिला होता. मागून एकीने वाट मागत आरोळी ठोकली आणि माझा पाय सवयीने डावीकडे गेला. तिथे गवत नव्हतं. भुसभुशीत बर्फात गुडघ्यापर्यंत रुतले. निघेपर्यंत चौघी पुढे गेल्या.

"तुम्ही मला वाटेबाहेर पडायलाच शिकवलंत," मी सगळ्यांदेखत ओरडले.

"हो... चूक माझी," एवढंच ते म्हणाले. पुण्यात आल्यावर त्यांचे फोन येत राहिले. मी उचलले नाहीत.

ते गेल्यावर तीन आठवड्यांनी काकूंनी सदाशिव पेठेतल्या घरी बोलावलं. माझ्या चाकांच्या स्की काश्मीरला जाण्याआधीपासून दुरुस्तीसाठी तिथेच होत्या. आता मागच्या चाकावर रबराचा जाड तुकडा आणि त्याला जोडलेली, पिंढरीमागे येणारी पट्टी. पिंढरी मागे रेटली की रबर चाकावर दाबलं जायचं.

"स्कूटरची स्टेपनी कापली गं त्यांनी. 'ती आली की दाखवतो' म्हणायचे. तू फोनच उचलत नव्हतीस."

मी स्की उचलल्या आणि घरी घेऊन आले.

गेल्या रविवारी त्याच स्की घालून मी घाटात उतरले; मागे स्कूटरवर भाऊ. उतारावर दोनदा हॉर्न वाजला. डावा पाय गवताकडे निघालाच होता. तो ओढून धरला आणि पिंढरी रेटली. रबर घासलं, जळका वास आला आणि मी डांबरावरच थांबले. टेम्पो शेजारून निघून गेला.

"थांबले, सर," मी मोठ्यांदा म्हणाले आणि रस्त्याकडेला बसून रडले. एक फोन उचलला असता, तर त्यांनी हे पाहिलं असतं.