नावाची मोकळी जागा

बुधवार, दुपार, इंग्रजीचा वर्ग. हजर: शिकवणाऱ्या मॅडम, सोसायटीतल्या आम्ही बायका आणि एकाच घरातल्या दोघी जावा, थोरली मंगल व धाकटी रेखा.

इंग्रजीत तुलना शिकवताना मॅडमनी दोघींना पाठीला पाठ लावून उभं केलं. रेखा वीतभर उंच निघाली. फळ्यावर तिनं ‘रेखा इज टॉलर दॅन’ इतकं इंग्रजीत लिहिलं आणि खडू थांबला. थोरल्या जावेला तिनं नुसत्या नावानं कधी हाक मारली नव्हती.

“लिही की गं. मी काय खाते तुला?” मंगल म्हणाली, पण हसली नाही.

घरात मोजमाप रोजचंच असतं, कुणाची भाकरी पातळ, कुणाचा मुलगा हुशार. ते असं चारचौघींत कुणी लिहीत नाही.

रेखानं खडू खाली ठेवला, ‘दॅन’च्या पुढची जागा मोकळीच राहिली. दोघी पुढेमागे चालत घरी गेल्या. फळा पुसायचं काम माझं. तो अजून पुसलेला नाही.