हंसाबाई आणि भुरीचा पाय

आमच्या गावची ढोरं कित्येक वर्षं एका बाईनं राखली. हे ऐकून दारव्ह्याकडचे पाहुणे हसायचे, आणि पाहुण्यांना हसायला निमित्त लागतंच कुठे! पण सकाळी नाल्यापलीकडच्या तांड्यावरून हंसाबाई काठी घेऊन आली आणि तिनं एक आरोळी दिली, की घराघरातून गाई-म्हशी आपणहून बाहेर पडायच्या. बरोबर तिची कुत्री असायची, भुरी. एखादी आडमुठी कालवड कुणाच्या कपाशीकडे वळली, तर हंसाबाई नुसती बघायची. पुढचं भुरी बघून घ्यायची.

हंसाबाई तोंडानं फटकळ आणि रागाला पक्की. हातानं मात्र सढळ. मला ती फार आवडायची. ती गुराखी कशी झाली ते सांगतो. सगळं सुरू झालं ते भुरीच्या पायापासून.

आधी गावची ढोरं तिचा नवरा भीमसिंग राखायचा. तांडा बंजाऱ्यांचा. त्यांचे आजे-पणजे बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून मुलूखभर फिरलेले. आता तांडा एका जागी बसला होता आणि ज्याला जमीन मिळेल तो शेतकरी होत होता. आपला विदर्भ मुंबई राज्यात गेला त्या साली, म्हणजे छप्पन्नला, भीमसिंगला भूदानातली जमीन मिळाली. मुरमाड होती, पण स्वतःची होती. त्याचा आनंद खरा होता, त्याची थट्टा मी करणार नाही. थट्टा करायची ती पुढच्या थाटाची.

ढोरांचं काम त्यानं तांड्यातल्याच धावजीला देऊन टाकलं, डोक्याला नवा फेटा बांधला आणि दारव्ह्याच्या बाजारातून एक लोखंडी साखळी आणली. आमच्या पाटलांचं कुत्रं दाराशी साखळीला असायचं. त्यावरून शेतकरी म्हटला की दारात बांधलेलं कुत्रं पाहिजे, असं भीमसिंगच्या मनानं घेतलं. तांड्यात तोवर कुणी कुत्रं बांधलेलं नव्हतं. त्यांची कुत्री ढोरांबरोबर निघायची आणि ढोरांबरोबर परतायची. भुरीही तशीच वाढलेली. ती आता दारातल्या खुंटाला बसली.

रोज सकाळी धावजी ढोरं घेऊन त्याच दारावरून जायचा. भुरी साखळी ताणून उभी राहायची, रडायची. ढोरं दिसेनाशी झाली की खाली बसायची आणि पुढचा डावा पाय चाटायला लागायची. आधी केस गेले, मग कातडी लाल झाली, मग तिथं रुपयाएवढी ओली जखम झाली. चाटून भागेना तेव्हा ती दातांनी कुरतडायला लागली.

खरूज असेल असं समजून भीमसिंगनं करंजीच्या तेलात गंधक कालवून लावलं. भुरीनं ते चाटून साफ केलं आणि दिवसभर ओकत राहिली. कुणी तंबाखूचं पाणी सांगितलं, कुणी विळा तापवून डाग द्यायला सांगितला. डाग द्यायला आलेल्या माणसाला हंसाबाईनं दारातूनच असं काही पिटाळलं, की तो पुढे महिनाभर तिच्या घरावरून गेला नाही. तिचा स्वतःचा उपाय प्रेमाचा होता. भुरीनं पाय तोंडात धरला की ती धावत जायची, जवळ बसायची, भाकरीचा तुकडा द्यायची. भाकरी खाईपर्यंत पाय सुटायचा. भाकरी संपली की पुन्हा चालू.

एवढी माया का, तर भुरी माहेरची होती. कळंबकडच्या तांड्यावर हंसाबाईची याडी, म्हणजे आई, वारली, तेव्हा तिच्या कुत्रीचं हे पिल्लू हंसाबाई ओढणीत बांधून घेऊन आली. पाठचा भाऊ नाही, माहेरी दार उघडं ठेवणारं कुणी नाही. माहेर म्हणून तिच्याकडे एवढंच उरलं होतं, आणि ते ती कुणालाही सांगायची.

शेवटी तिनं एक डोकं लढवलं. सासूच्या वेळची एक झूल घरात पडून होती. माल लादलेल्या बैलांच्या रांगेत पुढं चालणाऱ्या बैलाला घालायची, जाड, कवड्या आणि आरसे शिवलेली. तिनं ती उसवली, घट्ट गुंडाळी केली आणि भुरीच्या गळ्याभोवती शिवून टाकली. भुरीला मान वाकवता येईना. कवड्यांचा एवढा मोठा हार घालून ती नवरीसारखी बसून राहिली. तांड्यातली पोरं लोटपोट झाली. भीमसिंग मात्र भडकला, कारण ती झूल त्याच्या घराण्याची शान होती.

पण जखम भरली. हंसाबाईनं आनंदानं झूल काढली, आणि दोन-चार दिवसांत भुरीनं उजवा पाय धरला. झूल पुन्हा गळ्यात आली.

त्याच सुमारास शेजारच्या गावात पिसाळलेलं कुत्रं एका गाईला चावलं आणि गाय गेली. मग काय, सगळ्यांच्या नजरा भुरीकडे वळल्या. तांड्याचे नायक डोंगरसिंग स्वतः दारात आले. माणूस वाईट नव्हता, पण तांड्याच्या लेकरांची जबाबदारी त्यांच्यावर होती.

"हंसाबाई, कुत्री बह्याडली. सोताचंच मास खाऊन राह्यली, उद्या लेकराचं खाईन. येत्या बाजारापर्यंत पाहातो. मंग मी काही ऐकणार नाही."

"नायक, तिले हात लावून तं पाहा!" हंसाबाई म्हणाली. पण घरात जाऊन ती रडली. हे मला तिनंच नंतर सांगितलं.

दुसऱ्या दिवशी ती आमच्या घरी आली. मी तेव्हा मॅट्रिक नापास होऊन मारोतरावकाकांच्या शेतीवर देखरेख करत होतो, म्हणजे बांधावर उभा राहत होतो. काकांनी मला गाडी जुंपायला सांगितली आणि आम्ही भुरीला घेऊन दारव्ह्याच्या ढोरांच्या दवाखान्यात गेलो.

डॉक्टर तरुण होते, नागपूरकडचे. त्यांनी घाई केली नाही. कान पाहिले, शेपटीच्या बुडाशी केस फिरवून गोचीड-पिसवा शोधल्या, बोटांच्या बेचक्यांत काटा आहे का ते पाहिलं, प्रत्येक सांधा दाबला. भुरी शांत उभी होती.

"कुत्रं अंग चाटतं, चावतं, ते बहुतेक खाजेनं किंवा दुखण्यानं," ते म्हणाले. "हिला खरूज नाही, गोचीड नाही, काटा नाही, सांधाही सुजलेला नाही."

"मंग बह्याडली का, डॉक्टरसाहेब?" हंसाबाईनं विचारलं.

"अहो, खाते, पिते, माझा हात हुंगून शेपूट हलवते. पिसाळलेल्याचं हे लक्षण नाही. तरी दहा-बारा दिवस नजर ठेवा. मला सांगा, ती चाटायला लागली की तुम्ही काय करता?"

"भाकर देतो."

डॉक्टर हसले. "म्हणजे पाय चाटला की भाकरी मिळते, एवढं ती शिकली. गप बसलेली असेल तेव्हा भाकरी द्या. चाटताना रागावू नका आणि लाडही करू नका. जखम मिठाच्या पाण्यानं धुवा, तेलं-बिलं बंद. ते तुमचं झुलीचं काम झकास आहे, भरेपर्यंत राहू द्या. पण त्यानं नुसता पाय वाचेल. कुत्र्याला करमेनासं झालं, जीव कोंडला, की ते चाटत बसतं. चाटलं की त्याला बरं वाटतं. मग जखम होते, आणि जखम चुरचुरते म्हणून पुन्हा चाटतं. हिच्या दिवसात काय बदललं ते पाहा."

परत येताना हंसाबाई गाडीत भुरीची साखळी बोटांत फिरवत बसली होती. 

घरी येताच तिनं साखळी काढली आणि सकाळी भुरीला धावजीबरोबर पाठवलं. भुरी तांड्यामागच्या ओहोळापर्यंत आनंदानं गेली, तिथं थांबली, मागं पाहिलं आणि परत येऊन दारात बसली. धावजीला ती आपला मानायलाच तयार नव्हती. खरं तर धावजीला ढोरंही आपला मानत नव्हती. तो पळसाखाली झोपायचा, ढोरं तुरीत शिरायची आणि गाव त्याच्या नावानं शिमगा करायचं.

मग हंसाबाई नवऱ्याला म्हणाली, तुम्ही दिवसातून थोडं तरी भुरीला घेऊन ढोरांमागं जा. भांडण त्यांच्या गोर बोलीत झालं, पण एवढ्या मोठ्यानं झालं की नाल्याअलीकडे आम्हालाही समजलं. भीमसिंगचं म्हणणं असं, की कुत्रीसाठी मी पुन्हा गुराखी होऊ का? गाव काय म्हणेल, जमीन झेपली नाही म्हणेल. त्याचंही मला अगदीच चूक वाटत नाही. जन्मभर लोकांची ढोरं राखलेल्या माणसाला स्वतःचं शेत मिळालं होतं. ते सोडून काठी उचलायची म्हणजे त्याला मागं गेल्यासारखं वाटत होतं.

बाजाराचा दिवस उजाडला. डोंगरसिंग नायक दोन माणसं आणि काठ्या घेऊन आले. डॉक्टर काय म्हणाले ते हंसाबाईनं सांगितलं, पण गळ्यात कवड्यांची गुंडाळी आणि पायाला जखम असलेली कुत्री समोर होती, त्यांचा विश्वास कसा बसणार? तेवढ्यात धावजी ढोरं घेऊन दारावरून निघाला. हंसाबाईनं कुडाला टेकलेली भीमसिंगची जुनी काठी उचलली.

"धावजी, तू घरी जाय. ढोरं मी नेतो."

"बाईमानूस? ढोरामागं?" नायकांना कुत्रीचा विसर पडला.

"काहून? ढोरं काय मले इचारून राह्यले का, बाई हायस का बुवा?"

ती निघाली. भुरी तिच्यामागं निघाली, ओहोळापाशी थांबली, पुढे हंसाबाईला चालताना पाहिलं आणि पाण्यातून उड्या मारत गेली. संध्याकाळी ढोरं परतली तेव्हा एकही तुरीत शिरलेलं नव्हतं. भुरी दारात आडवी झाली आणि पायाकडे तोंड न्यायची धडपडही न करता झोपली. नायक दोन वेळा येऊन बघून गेले आणि तिसऱ्यांदा आलेच नाहीत.

गावात चर्चा भरपूर झाली. पण आपली म्हैस वेळेवर घरी येते म्हटल्यावर चर्चा किती दिवस टिकणार? मारोतरावकाकांनी गावातल्या चार जाणत्यांशी बोलून ढोरं तिच्याकडेच कायम केली. धावजीनं तर सुटकेचा निःश्वास सोडला. भीमसिंग काही दिवस भावाकडे जेवला. मग कपाशी वेचायच्या दिवसांत भाऊही कामात आणि वहिनीही कामात, तेव्हा रानात हंसाबाईला शोधत गेला आणि तिच्या फडक्यातली भाकरी खाऊन आला.

साठ-एकसष्टच्या सुमारास तेच डॉक्टर बैलांना लस टोचायला आमच्या गावी आले. हंसाबाईला पाहून त्यांनी भुरीची चौकशी केली. मी आणि भीमसिंग तिथंच बैल धरून उभे होतो.

"चाटते अजून?"

"पावसाची झड लागली, ढोरं निघाले नाही, का चाटते थोडीशी. दुसऱ्या दिवशी बंद."

"हरकत नाही. पण काठी तुम्ही स्वतः घ्याल असं मला वाटलं नव्हतं. कुत्रीसाठी एवढं कुणी करत नाही."

हंसाबाईनं एकदा नवऱ्याकडे पाहिलं. आधी ती त्याच्याबरोबर रानोमाळ हिंडायची, डिंक आणि मोहफुलं वेचायची. जमीन मिळाल्यावर, शेतकऱ्याची बायको रानात फिरत नसते, असं म्हणून त्यानं तिला घरात बसवलं होतं. त्याबद्दल ती गावात कुणाकडे कधी बोलली नव्हती.

"तुमी म्हनलं होतं, हिच्या दिवसात काय बदललं थे पाहा," ती म्हणाली. "मी पाह्यलं. जे हिचं बदललं थेच माह्यंही बदललं होतं, साहेब. हिची जखम लोकायले दिसत तरी होती."

डॉक्टरांनी मान खाली घालून पिचकारीत लस भरली. भीमसिंगच्या हातातला कासरा सैल झाला होता. बैल निघून चालला, तरी त्याला कळलं नाही.